फ्रॉगमनचा वारसा: शाळा कुठली आणि चाळणी कुठली?

असा व्हिडिओ तुम्ही कधी ना कधी पाहिलाच असेल. स्विमिंग पूलच्या तळाशी पाच-सहा जण पाठीवर टाक्या लावून गुडघ्यांवर बसलेत. मागून एक धिप्पाड माणूस येतो, एकाचा मास्क खेचून काढतो, दुसऱ्याच्या तोंडातला रेग्युलेटर उपटतो, तिसऱ्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करतो. खाली ओळ असते: तुमच्यात धमक आहे का? वाटतं, कुठल्या तरी देशाच्या नौदलाचं प्रशिक्षण चाललंय. पण नाही. ही तुमच्या-आमच्यासारखी माणसं आहेत. आठवडाभर लॅपटॉपसमोर बसणारी, सुट्टीत डायव्हिंग करणारी, आणि हा 'कमांडो स्टाइल' अनुभव घेण्यासाठी वर पैसे भरणारी.

असा कोर्स करावा का? यावर लोक दोन टोकांना जाऊन भांडतात. एक बाजू म्हणते, आजकालचे कोर्स मऊ झालेत, तीन-चार दिवसांत कार्ड हातात देतात, पूर्वीसारखं कडक शिकवायला हवं. दुसरी बाजू म्हणते, हा नुसता मर्दानगीचा बाजार आहे. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण दोघंही एक गोष्ट गृहीत धरतात, ती म्हणजे 'लष्करी पद्धत' ही एकच अखंड वस्तू आहे, घ्यायची तर सगळी घ्या, नाही तर सगळी टाका. इतिहास बघितला की कळतं, ती एक वस्तू कधीच नव्हती. लष्करी प्रशिक्षण एकाच वेळी दोन कामं करतं. ते शाळा असतं आणि चाळणीही असतं. शाळेत आलेल्याला शिकवतात. चाळणीतून नको असलेल्याला गाळतात. हौशी डायव्हिंगने नौदलाकडून या दोन्ही गोष्टी एकाच गाठोड्यात उचलल्या, आणि गेली सत्तर वर्षं ते गाठोडं सोडवणं चाललंय.

चाळणी कशासाठी होती?

दुसऱ्या महायुद्धात पाण्याखालून हल्ला करणं ही खरीखुरी युद्धनीती बनली. १९ डिसेंबर १९४१च्या पहाटे इटालियन नौदलाचे सहा जण, दोघा-दोघांच्या जोडीने, तीन मानवचलित टॉर्पेडोंवर बसून इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया बंदरात शिरले. त्यांनी 'क्वीन एलिझाबेथ' आणि 'व्हॅलियंट' या दोन ब्रिटिश युद्धनौका निकामी केल्या. सहा माणसं आणि दोन अजस्त्र जहाजं! हे गणित प्रत्येक नौदलाने लक्षात ठेवलं.

अमेरिकेत ही गोष्ट वेगळ्या वाटेने घडली. १९४३च्या जूनमध्ये ड्रेपर कॉफमन या नौदल अधिकाऱ्याने फ्लोरिडातल्या फोर्ट पियर्स इथे एक तुकडी तयार करायला घेतली. शत्रूने किनाऱ्यालगत उभारलेले अडथळे सुरुंगाने उडवायचे, हे त्या तुकडीचं काम. कॉफमनने अनेक आठवड्यांचा शारीरिक कार्यक्रम एका आठवड्यात कोंबला. झोप जवळजवळ नाही, चिखल, थंड पाणी, सतत ओझं. त्यालाच 'हेल वीक' हे नाव पडलं. कॉफमन स्वतः आणि त्याचे अधिकारीही त्यातून गेले. मोठ्या संख्येने लोक सोडून गेले, आणि ते अपेक्षितच होतं.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पॅसिफिकमधल्या तारावाची लढाई झाली. ओहोटीमुळे उतरवणाऱ्या होड्या प्रवाळाच्या खडकांवर अडकल्या आणि सैनिकांना गोळीबारात शेकडो मीटर पाण्यातून चालत जावं लागलं. चार दिवसांच्या आत हजारावर अमेरिकन मेले. आधी कुणी पोहत जाऊन किनारा तपासला असता तर? या प्रश्नातून 'अंडरवॉटर डिमॉलिशन टीम्स' उभ्या राहिल्या. फोर्ट पियर्समध्ये तयार झालेले बरेच जण त्यांत गेले. आजच्या नेव्ही सील्सचे पूर्वज ते हेच. गंमत म्हणजे युद्धात या लोकांकडे बहुतेक वेळा टाकी नसायचीच. अर्धी चड्डी, मास्क, पायात फिन्स आणि कमरेला सुरी, बस्स.

आता चाळणी का लागली ते बघा. स्वयंसेवक भरपूर होते, जागा कमी होत्या. वेळ नव्हता. आणि एकाने ऐन वेळी हातपाय गाळले तर त्याच्याबरोबर अख्खी तुकडी जाणार होती. अशा ठिकाणी माणूस मोडतो का, हे आधीच मोडून बघणं क्रूर असलं तरी समजण्यासारखं आहे. ज्याला गाळलं तो बोटीवर किंवा दुसऱ्या कामावर जायचा. म्हणजे चाळणीला तीन गोष्टी लागतात: भरपूर उमेदवार, थोड्या जागा, आणि गाळलेल्याला परत पाठवायची सोय. हे तीन मुद्दे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

टाकी बाजारात आली, शाळा आलीच नव्हती

याच १९४३ साली फ्रान्समध्ये नौदल अधिकारी जाक-ईव्ह कुस्तो आणि 'एअर लिक्विड' कंपनीचा अभियंता एमिल गान्यान यांनी 'अ‍ॅक्वालंग' बनवलं. युद्धकाळात पेट्रोलच्या टंचाईमुळे गाड्या गॅसवर चालत. त्यासाठीचा एक व्हॉल्व्ह गान्यानने बदलून घेतला. श्वास घेतला की आजूबाजूच्या पाण्याच्या दाबाइतकीच हवा देणारा, नाही तर बंद राहणारा. आजचा रेग्युलेटर त्याच तत्त्वावर चालतो.

युद्ध संपल्यावर चारेक वर्षांत हे यंत्र कॅलिफोर्नियाच्या दुकानात आलं. पैसे द्या आणि घेऊन जा. लायसन्स नाही, कोर्स नाही. आणि धोका तर यंत्रातच होता. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे छातीभर घेतलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट जागा मागते. श्वास रोखून वर आलात तर फुप्फुस फाटू शकतं, तेही अगदी पूलच्या खोलीतून. श्वास रोखून बुडी मारणाऱ्याला हा प्रश्न कधीच आला नव्हता, कारण त्याची हवा वरूनच घेतलेली असते. म्हणजे उत्तम पोहणाऱ्याची जुनी सवयच इथे जीव घेणारी होती. श्वास कधीही रोखू नका, हा डायव्हिंगचा पहिला नियम त्यातून आला.

सॅन दिएगोजवळच्या स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेत कॉनराड लिंबॉ या संशोधकाने १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या शास्त्रज्ञांसाठी पद्धतशीर प्रशिक्षण सुरू केलं. लॉस एंजेलिस काउंटीच्या उद्यान विभागाने अल टिलमन, बेव्ह मॉर्गन आणि रॅम्झी पार्क्स या तिघांना त्याच्याकडे शिकायला पाठवलं आणि १९५४ साली सामान्य लोकांसाठी कार्यक्रम उभा केला. तिकडे इंग्लंडमध्ये १९५३ साली ऑस्कर गुगेन आणि पीटर स्मॉल यांनी ब्रिटिश सब-अ‍ॅक्वा क्लब स्थापन केला. १९६० साली टिलमन आणि नील हेस यांच्या पुढाकाराने 'नाउई' ही प्रशिक्षकांची राष्ट्रीय संघटना निघाली.

शिकवणारे कोण? पाण्याखालचा अनुभव असलेली माणसं मुख्यतः नौदलातूनच आली होती. त्यात १९५८ ते १९६१ या काळात 'सी हंट' ही टीव्ही मालिका गाजली. तिचा नायक माइक नेल्सन हा माजी नौदल फ्रॉगमन. हजारो तरुणांना डायव्हर म्हणजे कसा माणूस, हे त्यानेच दाखवलं. त्यामुळे कोर्सचं वळणही तसंच पडलं: टाकी पाठीवर घेऊन जोर-बैठका, लांब पल्ल्याचं पोहणं, आणि 'हॅरॅसमेंट' म्हणजे पाण्याखाली प्रशिक्षकाने मास्क ओढणं, हवा बंद करणं, नळ्या गुंतवणं.

पण त्या लोकांना नुसतं दांडगट म्हणून मोडीत काढू नका. त्या काळचं सामान आठवा. हवा भरून तरंगता येईल असं जॅकेट बहुतेकांकडे नव्हतं, म्हणजे पृष्ठभागावर दमलात तर हातपाय मारणं हाच आधार. टाकीत किती हवा उरली हे दाखवणारा काटा सर्रास नसायचा. श्वास जड व्हायला लागला की पाठीमागचा दांडा ओढून राखीव हवा सोडायची. तो दांडा चुकून आधीच ओढला गेला असेल तर राखीव काहीच नाही. जोडीदाराची हवा संपली तर एकाच रेग्युलेटरवर आळीपाळीने दोन-दोन श्वास घेत वर यायचं. असल्या सामानाने समुद्रात जायचं तर ताकद आणि सराव हवाच होता. म्हणजे त्या कडकपणातला बराचसा भाग शाळेचाच होता.

ती फक्त दणकट पुरुषांची शाळाही नव्हती. १९५५ साली लॉस एंजेलिस काउंटीच्या त्याच कडक कोर्समधून डॉटी फ्रेझर प्रशिक्षक बनल्या. जगातल्या पहिल्या स्त्री स्कूबा प्रशिक्षकांमध्ये त्यांचं नाव घेतलं जातं. लहानपणापासून समुद्रात बुड्या मारणाऱ्या फ्रेझर यांना पाणी समजत होतं. दंडाची जाडी हा पाण्याखालच्या कौशल्याचा निकष नव्हे, हे तेव्हाही दिसत होतं.

आकडेसुद्धा नौदलाचेच

वारसा फक्त जोर-बैठकांचा नव्हता. किती खोल, किती वेळ थांबायचं आणि किती वेगाने वर यायचं, हे सांगणारे तक्तेही नौदलातूनच आले. मूळ तक्ता जे. एस. हॉल्डेन या ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञाने बकऱ्यांवर प्रयोग करून रॉयल नेव्हीसाठी १९०८ साली मांडला. अमेरिकन नौदलाने १९५७ साली सुधारलेले तक्ते काढले, आणि पुढची तीसेक वर्षं जगभरचे हौशी डायव्हर तेच वापरत राहिले.

त्या तक्त्यांतला वर येण्याचा वेग होता मिनिटाला ६० फूट. हा आकडा आला कसा? नौदलाचे डॉक्टर एडवर्ड लॅनफिअर यांनी पुढे सांगितलेली हकिकत अशी: धातूचं जड शिरस्त्राण घालणारे पारंपरिक डायव्हर दोरावरून हळू वर ओढले जात, त्यांना अगदी कमी वेगच परवडत होता. फ्रॉगमनांचा कमांडर डग्लस फेन याला आपल्या माणसांसाठी १०० फूट किंवा त्याहून जास्त हवे होते. दोघांनी मधला ६० ठरवला. सेकंदाला एक फूट, मोजायला सोपं! म्हणजे कित्येक पिढ्यांनी शास्त्रवचन म्हणून पाळलेला आकडा हा दोन खात्यांमधला समझोता होता. १९९०च्या दशकात अमेरिकन नौदलाने तो अर्ध्यावर, म्हणजे ३० फुटांवर आणला. आज तुम्हाला मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त वेगाने वर येऊ नका आणि ५ मीटरवर तीन मिनिटं थांबा असं शिकवतात, त्यामागे हा प्रवास आहे.

यात नौदलाची चूक काढायची नाही. त्यांचे तक्ते त्यांच्या माणसांसाठी होते: तरुण, तंदुरुस्त, एका ठरावीक कामासाठी खाली जाणारे, वर डॉक्टर आणि दाबकक्ष हाताशी असलेले पुरुष. चाळिशीतला, थोडं वजन वाढलेला, एका दिवसात तीन डाइव्ह करणारा पर्यटक त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हताच. १९८०च्या दशकात हौशी डायव्हरांसाठी, स्त्रियांसह, वेगळ्या चाचण्या घेऊन वेगळे तक्ते काढावे लागले. दुसऱ्याच्या गरजेपोटी घडलेली गोष्ट जशीच्या तशी उचलली की असं होतं. आणि हे जसं आकड्यांना लागू आहे तसंच शिकवण्याच्या पद्धतीलाही लागू आहे.

गाठोडं सुटलं, पण नीट सुटलं नाही

१९६६ साली जॉन क्रोनिन आणि राल्फ एरिक्सन यांनी 'पॅडी' ही संस्था काढली. क्रोनिन डायव्हिंग सामानाचे विक्रेते, एरिक्सन शिकागोतले पोहण्याचे प्रशिक्षक. त्यांचा मुद्दा साधा होता: एका दमात सगळं शिकवणारा लांबलचक कोर्स बहुतेकांना दारातूनच परत पाठवतो, तेव्हा तो तुकड्यांत विभागा आणि प्रत्येक पायरीवर ठरावीक कौशल्य जमतंय का ते बघा. धंद्याचा हिशेब त्यात होताच. पण शिकवण्याचा विचारही होता. दरम्यान तरंगण्याचं जॅकेट, हवेचा काटा आणि प्रत्येकाकडे दुसरा जादा रेग्युलेटर, हे सगळं सर्रास झालं. जोर-बैठका गेल्या, हॅरॅसमेंट गेलं. चाळणी मोडली, आणि ती मोडायलाच हवी होती. सुट्टीत मासे बघायला निघालेल्याला गाळून कुणाचं भलं होणार?

पण चाळणीबरोबर शाळेचाही एक तुकडा पडला: वेळ. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या ग्लेन एगस्ट्रॉम यांनी जोडीने एका रेग्युलेटरवर श्वास घेण्याचं कौशल्य अभ्यासलं. ते विनाचूक व्हायला पंधरा-वीस यशस्वी आवर्तनं लागतात आणि काही महिने सराव सुटला की ते पुन्हा घसरतं, असं त्यांना दिसलं. आता तुमचा कोर्स आठवा. मास्क काढून परत घालणं किती वेळा केलंत? दोनदा? तीनदा? विस्कॉन्सिनमधले मानसशास्त्रज्ञ विल्यम मॉर्गन यांच्या पाहणीत निम्म्याहून अधिक हौशी डायव्हरांनी पाण्याखाली एकदा तरी पॅनिक अनुभवल्याचं सांगितलं, आणि त्यांत अनुभवी लोकही होते. म्हणजे 'कोर्स मऊ झालेत' ही तक्रार हवेतली नाही. कमी पडतोय तो सराव. बाजार मात्र कमी पडलेल्या सरावाच्या जागी मारझोड विकतोय.

मास्क ओढल्याने माणूस शांत होतो का?

सील्सच्या प्रशिक्षणात आजही पूलमध्ये एक कुप्रसिद्ध परीक्षा असते. प्रशिक्षक उमेदवाराच्या नळ्यांना गाठी मारतो, हवा तोडतो, आणि उमेदवाराने ठरलेल्या क्रमाने एकेक अडचण सोडवायची असते. व्हिडिओवाले नेमकं हेच उचलतात. पण त्या दृश्याच्या आधीचं आणि बाजूचं दिसत नाही. आधी त्या क्रमाचा भरपूर सराव झालेला असतो. बाजूला डॉक्टर आणि प्रत्येकावर लक्ष ठेवणारी माणसं असतात. आणि मुख्य म्हणजे, नापास झालेला तिथून बाहेर पडतो. इतकं असूनही फेब्रुवारी २०२२ मध्ये हेल वीक पूर्ण केल्यावर काही तासांतच एका उमेदवाराचा न्यूमोनियाने मृत्यू झाला, आणि नौदलाला आपल्या वैद्यकीय देखरेखीची चौकशी करावी लागली.

आता वरचे तीन मुद्दे आठवा. पैसे भरून केलेल्या कोर्समध्ये उमेदवार भरपूर नसतात, जागाही मर्यादित नसतात, आणि गाळून परत पाठवायचं म्हणजे फी परत करायची! म्हणजे चाळणी नुसती दिसायला चाळणी आहे, तिला भोकंच नाहीत. जो घाबरला, ज्याला तीनदा वर यावं लागलं, तोही शेवटी टी-शर्ट आणि सर्टिफिकेट घेऊन घरी जातो. आपण कमांडो झालो असं त्याला वाटतं, आणि पुढच्या महिन्यात तो झेपत नसलेल्या खोलीवर जातो.

शरीराचा हिशेबही बघा. न शिकवलेल्या माणसाची हवा अचानक तोडली तर त्याचं शरीर एकच गोष्ट करू बघतं: श्वास रोखून वर पळणं. म्हणजे नेमकी तीच चूक, जी फुप्फुस फाडते. अशा कोर्समध्ये श्वास रोखून पूलच्या लांब्या मारण्याची स्पर्धाही असते. आधी जोरजोरात श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो. 'श्वास घे' हा इशारा त्याच्यामुळेच मिळत असतो. इशारा उशिरा येतो आणि ऑक्सिजन त्याआधीच संपतो. माणूस कसलीही सूचना न मिळता बेशुद्ध पडतो, तेही कंबरभर पाण्यात. यात जिद्दी माणसाला धोका जास्त, कारण तो थांबत नाही.

एक उदाहरण तर फारच बोलकं आहे. हात-पाय बांधून पाण्यात सोडायचा 'ड्राउनप्रूफिंग'चा प्रकार आज सील्सच्या नावाने ओळखला जातो. पण तो घडवला फ्रेड लनू या जॉर्जिया टेक कॉलेजमधल्या पोहण्याच्या प्रशिक्षकाने. तिथल्या विद्यार्थ्यांना हा कोर्स १९८०च्या दशकापर्यंत सक्तीचा होता. त्याचं मूळ तत्त्व होतं कमीत कमी शक्ती खर्च करणं: अंग सैल सोडा, पाणी तुम्हाला धरेल, ठरावीक लयीत वर येऊन श्वास घ्या. झटापट केली की बुडालात. म्हणजे बाहेरून जे सर्वांत 'कमांडो' दिसतं, त्याच्या आत शिकवण आहे ती सैल सोडण्याची.

मग खरं टिकाऊ काय?

नौदलाच्या शाळेतल्या ज्या गोष्टी टिकल्या, त्या दिसायला अगदी कंटाळवाण्या आहेत. उडी मारण्याआधी जोडीदाराचं सामान ठरलेल्या क्रमाने तपासणं. किती खोल, किती वेळ आणि किती हवा उरली की परतायचं, हे कोरड्या जमिनीवर ठरवणं. एकट्याने न जाणं. एकेक हालचाल हात आपोआप करतील इतक्यांदा करणं. आजही डाइव्हमास्टर होताना दोघांनी एकाच रेग्युलेटरवर श्वास घेत पाण्याखाली आपलं सगळं सामान अदलाबदल करायचं असतं. तो जुन्या काळाचाच अवशेष आहे. पण तिथे कुणी तुमच्यावर हल्ला करत नाही. काम अवघड आहे आणि ते दोघांनी मिळून सोडवायचं आहे.

जोडीची कल्पना मात्र नौदलाची मक्तेदारी नाही. तुमच्यापैकी जे बहरीन, कुवेत, दुबईला राहतात, त्यांच्या आजूबाजूच्या समुद्रात शेकडो वर्षं मोत्यांसाठी बुड्या मारल्या गेल्या. तिथले मोती विकायला यायचे ते मुंबईच्या बाजारात. त्या होड्यांवर बुडी मारणारा 'घैस' आणि दोर धरून बसलेला 'सैब' अशी जोडी असायची. घैसने दोराला झटका दिला की सैब त्याला वर ओढायचा. त्या धंद्यात कर्जाचा फास होता, पिळवणूक होती, त्याचं गोड चित्र रंगवायला नको. पण एक गोष्ट त्यांना पक्की ठाऊक होती: वर कधी यायचं हे खाली असलेला माणूस ठरवतो.

गुहांमध्ये डायव्हिंग करणाऱ्यांना हाच धडा बरेच जीव गेल्यावर मिळाला. १९७९ साली फ्लोरिडाच्या शेक एक्सली यांनी अपघातांचं विश्लेषण करून एक छोटं पुस्तक लिहिलं. बाहेरपर्यंत अखंड दोर, हवेचा एक तृतीयांश भाग जाताना आणि दोन तृतीयांश परतण्यासाठी, आणि खोलीची मर्यादा, असे त्याचे नियम. त्याच परंपरेत एक नियम रुजला: कुणीही, कधीही, कुठल्याही कारणासाठी डाइव्ह थांबवू शकतो, आणि त्याला कुणी कारण विचारायचं नाही. सगळ्यांत धोकादायक डायव्हिंग करणाऱ्यांनी माघारीला हक्काचा दर्जा दिला. हेल वीकमध्ये थांबणं म्हणजे बाहेर पडणं, इथे थांबणं हेच कौशल्य.

आणि खुद्द सैन्य हौशी डायव्हिंग कसं शिकवतं? ब्रिटिश सैन्यदलांमध्ये 'अ‍ॅडव्हेंचरस ट्रेनिंग' नावाची योजना आहे. गिर्यारोहण, कयाकिंग आणि डायव्हिंगसुद्धा. तिचा हेतू फ्रॉगमन बनवणं हा नाही. कारकून असो की पायदळातला शिपाई, त्याला अनोळखी जागी खऱ्या पण आवरलेल्या धोक्यात निर्णय घ्यायची सवय लावणं, हा आहे. त्यासाठी डायव्हिंगचा अभ्यासक्रम कुणाचा वापरतात? ब्रिटिश सब-अ‍ॅक्वा क्लबचा, म्हणजे नागरी क्लबचा! ज्यांच्या नावाने 'कमांडो' कोर्स विकले जातात, ते स्वतः आपल्या लोकांना मौजेचं डायव्हिंग शिकवताना मास्क ओढत नाहीत.

पैसे भरण्याआधी

म्हणून असा कोर्स दिसला तर धमक आहे का, हा प्रश्न बाजूला ठेवा आणि शिकवणाऱ्याला चार साधे प्रश्न विचारा. अवघड प्रसंग उभा करण्याआधी ते कौशल्य माझ्याकडून किती वेळा करून घेणार? एका प्रशिक्षकामागे किती जण असतील, आणि काठावर ऑक्सिजन व प्रथमोपचार जाणणारं कोण असेल? श्वास रोखण्याची स्पर्धा आहे का? आणि मी मध्येच थांबलो किंवा थांबले तर काय होईल? शेवटच्या प्रश्नावर समोरचा हसला, तर उत्तर मिळालं असं समजा.

उलट टोकही ओळखा. सुट्टीत घरी गेल्यावर मालवण-तारकर्लीला किंवा गोव्याला पंधरा मिनिटांची डाइव्ह केली असेल, तर तिथे प्रशिक्षकाने तुम्हाला धरूनच फिरवलं असेल. मजा येते, जरूर करा. पण त्याने तुम्ही डायव्हर होत नाही, जसं कमांडो कोर्सने कमांडो होत नाही. मधला रस्ता स्वस्त आणि नीरस आहे: तुमच्या शहरातला क्लब शोधा, दर आठवड्याला पूलमध्ये तासभर मास्क काढा-घाला, जोडीदाराशी हवा वाटून घ्या, तरंगत एका जागी स्थिर राहा. तीन महिने करा. मग अवघड काही शिकायचं तर खुशाल शिका, कारण तेव्हा ते शिकणं असेल.

आणि एक खूण पक्की लक्षात ठेवा. जमिनीवर अंगठा वर केला की त्याचा अर्थ 'मस्त', 'झकास'. पाण्याखाली त्याचा अर्थ आहे 'मी वर चाललोय, डाइव्ह संपली'. जोडीदारानेही अंगठा दाखवून उत्तर द्यायचं आणि दोघांनी सावकाश, श्वास चालू ठेवून वर यायचं. का, कशासाठी, हे बोटीवर बसल्यावर बोलता येतं. कधी कधी तेही विचारायची गरज नसते.